पक्कं, बहुतेक आणि देव जाणे

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "मॅडम, दिवाळीचा अंक आहे. जरा हसवणारं लिहा." मी तोंडभरून हो म्हटलं. बुलढाण्याच्या एका तंत्रनिकेतनात बत्तीस वर्षं मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवलं, गमतींना काय तोटा! पण कागद पुढे ओढून बसले आणि एकामागून एक आठवत गेली ती भीतीच. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी एप्रिल लागला की प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवणीने मला अजून घास जात नाही.

कॉलेजात मी भित्री म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हते. खडूस म्हणून होते. भ्यालेला माणूसच जास्त ओरडतो, हे ज्याने कधी पोरं सांभाळली आहेत त्याला सांगायला नको.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेल्या सूचना. संगणक अतिशय आज्ञाधारक आणि तितकाच मठ्ठ. घरात कुणाला "गॅसवर दूध आहे, बघ गं" म्हटलं तर ती वेळेवर गॅस बंद करते. संगणक नुसता बघत उभा राहील आणि दूध उतू जाईल. सूचनांमध्ये एक कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर पडद्यावर लाल अक्षरांत पंधरा-सोळा चुका उमटतात. चूक खरं तर एकच असते, बाकी सगळी तिची पिलावळ. पण एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीत धस्स व्हायला तेवढं पुरतं.

अशा मठ्ठाशी बोलायचं तर आधी स्वतःच्या डोक्यात काय चाललंय ते माणसाला दिसायला हवं. मला काय येतं, काय येत नाही, आत्ता मी कुठे अडकलोय, अडकल्यावर काय करायचं. आमच्या मुलांना हे सोडून सगळं यायचं. वर्षभराचे पंचवीस प्रोग्रॅम ती स्तोत्रासारखे पाठ करत, एकही मात्रा न चुकवता.

एका वर्षी मी जर्नलं तपासायला घेतली. जर्नल म्हणजे प्रात्यक्षिकाची वही. त्यात एक छोटा प्रोग्रॅम होता, माणसाला नाव विचारायचं आणि नमस्कार करायचा. प्रत्येकाने तो स्वतः चालवून पडद्यावर काय आलं ते लिहायचं. पहिल्या वहीत होतं, 'नमस्कार प्रवीण'. दुसऱ्या वहीतही 'नमस्कार प्रवीण'. मुली असोत की मुलं, जानेफळचा असो की चिखलीचा, सगळ्यांना संगणकाने प्रवीणच म्हटलं होतं. त्या वर्गात प्रवीण नावाचा मुलगाच नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेला होता आणि त्याची वही हॉस्टेलवर वारसाहक्काने फिरत होती. स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगून मी सगळ्यांना हसवलं. घरी जाताना मात्र वेगळंच मनात आलं. तीस मुलांनी आपल्या हाताने प्रवीणला नमस्कार लिहिला आणि एकालाही काही खटकलं नाही, ही काय हसायची गोष्ट होती?

पण प्रवीणची वही मी हसण्यावारी नेली. खरी धास्ती घेतली ती नाझमीनमुळे.

नाझमीन लोणारची. वडील युसूफभाई तिथे बाजारात शिंपीकाम करतात. घरातून बाहेरगावी शिकायला आलेली ती पहिलीच मुलगी. बुटकी, बोलकी, पहिल्या रांगेत बसायची, आणि लॅबमध्ये तिचा प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी चालायचा. माझी ती लाडकी होती हे आता लपवत नाही. मी तिच्या टेबलाजवळ उभी राहिले की ती भराभर लिहायची, मध्येमध्ये वर बघून हसायची. मीही हसायची. मला वाटायचं, काय गुणी पोर आहे, आणि काय छान शिकवतो आपण.

दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. यात मुलाने एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यातला प्रोग्रॅम दोन तासांत लिहून, चालवून दाखवायचा. बाहेरगावचे एक परीक्षक येतात आणि शिकवणारी बाईही खोलीत असते. त्या दिवशी उत्तरपत्रिका कमी पडल्या म्हणून परीक्षकांनी मला ऑफिसात पाठवलं. ऑफिसचं काम ते, तासभर गेला. मी परत आले तर नाझमीनचा पडदा कोरा. नुसती कर्सरची उभी रेघ लुकलुकत होती.

परीक्षक म्हणाले, "ही मुलगी सारखं लिहिते आणि पुसते. लाल अक्षरं आली की सगळं पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून. मी आतापर्यंत सात वेळा पाहिलं."

ती नापास झाली. व्हरांड्यात गाठून मी तिला विचारलं, "काय झालं गं? हाच प्रोग्रॅम मागच्या सोमवारी तू दहा मिनिटांत केला होतास."

"तुमी नव्हत्या न मॅडम," ती म्हणाली.

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजे, तुमी भुवई वर केली का मले कळते का हे चुकलं, मंग मी ते काढते. तुमी मान हलवली का पुढं जाते. तुमी नसल्या तं मले कसं कळंल?"

 वर्षभर ती पोरगी माझ्याकडे बघून हसत होती असं मी समजत होते. ती मला वाचत होती. तिचा प्रोग्रॅम बरोबर आहे की चूक हे ठरवायचं काम माझ्या भुवया करत होत्या, आणि तिच्या डोक्याला त्या कामाची सवयच लागली नव्हती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गावर मी मुद्दाम चेहरा दगडासारखा ठेवून बसले. विसांपैकी चौदा मुलं दर दोन-तीन ओळींनंतर माझ्याकडे बघत होती आणि काहीच न मिळाल्यामुळे कावरीबावरी होत होती. त्या खोलीत वीस संगणक होते आणि पोरं चालवत होती मला. मी इतकी वर्षं काय केलं, या विचाराने त्या दिवशी मला भर वर्गात घाम फुटला.

आता म्हणे माझ्या भुवईचीही गरज उरली नाही. मोबाइलला विचारलं की तो अख्खा प्रोग्रॅम लिहून देतो आणि वर कौतुकही करतो. परवा माझा एक सहकारी सांगत होता की मुलं आता अडकतच नाहीत. मला ते ऐकूनच भीती वाटली.

असो. मी माझं टेबल फिरवलं. लॅबच्या पुढच्या भिंतीला एक जुना, जाडजूड काचेचा मॉनिटर बंद पडून धूळ खात होता. त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून मी बसायला लागले. पोरांना वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं. मग मी नियम काढला. प्रोग्रॅम चालवायच्या आधी वहीत लिहायचं, आता पडद्यावर काय दिसेल. आणि पुढे तीनपैकी एक शब्द टाकायचा: पक्कं, बहुतेक, किंवा देव जाणे. मग चालवायचा आणि आपलं म्हणणं खरं ठरलं का ते बघायचं.

पहिले पंधरा दिवस सगळ्या वह्यांत नुसतं पक्कं, पक्कं, पक्कं. आणि समोर खोटं, खोटं, खोटं. ज्याला सगळ्यात कमी येत होतं तो सगळ्यात ठसठशीत अक्षरात पक्कं लिहायचा. हळूहळू बहुतेक दिसायला लागलं. मग कुठे देव जाणे.

नाझमीनला परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा द्यायची होती, तोवर ती दुसऱ्या वर्षाच्याच लॅबला बसत होती. हा विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. घरी त्याहून वाईट होतं. तिने मला एकदा सांगितलं, "सगळे म्हणाले का पोरीले आता घरी आणा. अब्बानं शब्द देल्ला, अजून एक डाव खेळू द्या तिले. हा गेला तं मंग अब्बाचाबी शब्द चालणार नाही." म्हणजे या परीक्षेवर तिचं शिक्षणच टांगलेलं होतं, आणि ते तिथे टांगण्यात माझ्या भुवयांचा हात होता.

म्हणून मी तिच्या वहीवर जास्त लक्ष ठेवलं. आणि झालं भलतंच. फेब्रुवारीपर्यंत तिच्या वहीत पक्कं हा शब्दच नाहीसा झाला. पानंच्या पानं देव जाणे, देव जाणे. पूर्वी धडाधड लिहिणारी मुलगी आता एक ओळ लिहून हात मांडीवर ठेवून बसायची. परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि ती कॉलेजात यायचीच बंद झाली. हॉस्टेलवर चौकशी केली तर कळलं, सामान घेऊन लोणारला गेली.

रविवारी मी एसटीने लोणारला निघाले. चिखली गेलं, मेहकर गेलं, माझ्या मनात एकच घोळत होतं. चांगली बिनधास्त पोरगी होती, मी तिला तिचं अज्ञान मोजायला शिकवलं आणि मोडून टाकलं. आधी भुवयांनी बिघडवली, मग वहीने. युसूफभाई दारातच म्हणतील, मॅडम, झालं तेवढं पुरे. त्यावर काय बोलायचं ते मला तीन तासांत सुचलं नाही.

दुकान लहानसं. युसूफभाई एका कुर्त्याचं कापड टेबलावर पसरून उभे होते आणि नाझमीन कोपऱ्यात काजं करत बसली होती. मला बघून ती उठली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"काऊन आली नाहीस गं?" मी विचारलं. तिच्या घरी तिच्याच बोलीत बोलावं असं का कोण जाणे वाटलं.

"मले भेव वाटते मॅडम," ती म्हणाली. "पह्यले वाटत नव्हतं. पह्यले मले वाटे का मले सगळं येते. आता एक ओळ लिहिली का दहा जागी दिसते का इथं चुकू शकते. हातच चालत नाही."

मी युसूफभाईंकडे बघितलं. आता ते बोलणार, म्हणून मी पर्स घट्ट धरली.

ते कात्री हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, माह्या दुकानात पोरं शिकाले येतात. ज्याले भेव वाटत नाही त्याच्या हातात मी कैची देतच नाही. तो कापड नासवते. ज्याले लय भेव वाटते त्यालेबी देत नाही, तो उभाच राह्यते."

"मग काय देता?"

"खडू." त्यांनी टेबलावरचा चपटा खडू उचलून दाखवला. "खडू मार म्हंतो. जिथं चुकन असं वाटते तिथं मोठी खूण कर. खडूची रेघ चुकली तं झटकून टाकता येते, कापड नाही झटकता येत. अन् शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवतो आमी. गलत झालं तं तेवढीच शिवण उसवाची. पूरा कुर्ता कोण उसवते?" मग ते मुलीकडे वळले. "तू पूरा कुर्ता उसवून राह्यली बेटा. दर डाव."

त्यांना प्रोग्रॅम म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण मुलगी घरी येऊन रडली असेल तेव्हा ती काय करते ते त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं. मी इतकी वर्षं शिकवून जे तिला नीट सांगू शकले नव्हते, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, आणि मला त्याची लाजही वाटली आणि हायसंही वाटलं. नाझमीन दुसऱ्या दिवशी माझ्या आधी लॅबमध्ये हजर होती.

तिने वहीत एक बदल केला. जिथे देव जाणे लिहायची तिथेच शेजारी त्या ओळीचा आकडा लिहायला लागली, म्हणजे चुकलंच तर आधी कुठे बघायचं. चार ओळी लिहायच्या, तेवढ्याच चालवून बघायच्या, मग पुढच्या चार. काही दिवस जमलं. काही दिवस पुन्हा सगळं पुसलं. परीक्षेच्या आदल्या दिवशीदेखील एकदा पुसलं. ते बघून माझं जेवण गेलं ते गेलंच.

परीक्षेला तिला चिठ्ठी आली ती अशी: दिलेल्या दहा आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधा. सोपा प्रोग्रॅम. जागा मिळाली माझ्या टेबलाच्या नेमकी मागची. तासाभराने मी एक फेरी मारली आणि तिच्या पडद्यावर लाल अक्षरांची रांग बघितली. चूक मला तिथूनच दिसली. अकराव्या ओळीत उघडलेला कंस तिने बंद केला नव्हता. तेवढ्यात परीक्षकांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर व्हरांड्यात गेले.

खोलीत मोठं माणूस मी एकटीच. तिच्याजवळून जाताना अकराव्या ओळीकडे नुसती नजर टाकली असती तरी पुरलं असतं. बोलायची गरज नव्हती, बोट दाखवायची नव्हती. कुणालाही कळलं नसतं. आणि तिचं हे वर्ष मीच घालवलं होतं, मग एक नजर तिला द्यायला काय हरकत होती?  मी कशीबशी खुर्चीवर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

समोरच्या बंद मॉनिटरच्या काळ्या काचेत मागचा वर्ग पुसटसा दिसत होता. नाझमीनने मान वर केली. ती माझ्या दिशेने बघत राहिली, बराच वेळ. मग पुसायच्या कळीवर बोट आपटल्याचा आवाज आला. टक, टक, टक, टक. सुरू झालं, माझ्या मनात आलं, पूरा कुर्ता. आवाज थांबला. काचेत दिसलं, तिचं डोकं खाली गेलंय. मला वाटलं, रडतेय. मी उठले नाही. उठले असते तर नजर टाकल्याशिवाय राहिले नसते. अशी भीती मला माझ्या स्वतःच्या परीक्षेतही कधी वाटली नव्हती.

परीक्षक परत आले. त्यांच्याबरोबर मी तिच्या टेबलाशी गेले तेव्हा लाल अक्षरं नव्हती; अकराव्या ओळीतला कंस बंद झाला होता. परीक्षकांनी दहा आकडे घातले, प्रोग्रॅमने बरोबर त्यांतला मोठा दाखवला. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि पुढे निघाले.

"सर," नाझमीन म्हणाली, "हे पुरं बरोबर नाही."

परीक्षक थांबले.

"मी सुरुवातीले सगळ्यात मोठा आकडा शून्य धरला. मंग एकेक आकडा त्याच्यापेक्षा मोठा हाय का पाहत गेली. पण सगळेच आकडे शून्याच्या खालचे असले, जसं बर्फाच्या गावचं तापमान असते, तं हे शून्य दाखवते. अन् शून्य त्याच्यात नसतेच." तिने कच्चा कागद पुढे केला. त्यावर तिचे तीन अंदाज लिहिलेले होते. दोहोंपुढे पक्कं, आणि तिसऱ्यापुढे ओळीच्या आकड्यासकट देव जाणे. "शून्याच्या जागी पह्यला आकडा धरला तं जमंल असं वाटते. पण करून पाहाले टाइम नाही पुरला, म्हून तसंच ठेवलं."

परीक्षकांनी शून्याखालचे आकडे घालून बघितले. प्रोग्रॅमने शून्य दाखवलं. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "मी विचारलं नसतानाही स्वतःची चूक का सांगितलीस?"

"मले माहीत हाय ते," ती म्हणाली. "माहीत असून पक्कं कसं म्हनू?"

गुणांच्या कागदावर सही करताना मी तिचा आकडा पाहिला. पन्नासपैकी एकतीस. ती सुटली होती. माझी सही मात्र वाकडी आली.

बाहेर व्हरांड्यात ती थांबली होती. गुण सांगायची परवानगी नसते, आणि तिने विचारलेही नाहीत. ती म्हणाली, "मॅडम, तुमी त्या बंद डब्याच्या समोर कायले बसता?"

"माझा चेहरा तुम्हाला दिसू नये म्हणून."

"दिसते न मॅडम! काळ्या काचेत सगळं दिसते. अख्ख्या वर्गाले माहीत हाय. आमी वर्षभर तिथंच पाहत होतो."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "आणि आज?"

"आजबी पाह्यलं. तुमी लय भ्यालेल्या दिसल्या. मंग मले कळलं का चूक हाय, अन् ती तुमाले दिसली हाय. अजून थोडं पाह्यलं असतं तं कोणत्या ओळीत हाय तेबी कळलं असतं, तुमचा चेहरा लपत नाही." ती जराशी हसली. "म्हून मान खाली घातली न मी."

जुलैमध्ये कॉलेज उघडलं. नाझमीन तिसऱ्या वर्षाला आली ती हातात एक पिशवी घेऊन. आत जाड निळ्या कापडाची खोळ होती, अब्बांनी शिवलेली, बरोबर त्या मॉनिटरच्या मापाची. माप तिने कधी घेतलं कोण जाणे. खोळीच्या कडेला खडूची रेघ अजून पुसट दिसत होती. मी ती मॉनिटरवर चढवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. नवा वर्ग सुरू झाला, कळा वाजायला लागल्या. पाठीमागे काय चाललंय ते आता मलाही दिसत नव्हतं.